कर्ता कोण, क्रियापद कोणते?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी निर्यात विभागाचा पत्रव्यवहार पाहते. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या पट्ट्यात तयार होणारी कास्टिंग्ज (ओतीव भाग) परदेशात जातात, आणि त्यांच्याबरोबर कोटेशन, तपासणी अहवाल, तक्रारींची उत्तरे असे पुष्कळ इंग्रजी लेखनही जाते. ते वाचणाऱ्या ग्राहकांपैकी अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्यामुळे आपले वाक्य सरळ नसेल तर त्याचा अर्थ लावण्यात त्यांचा वेळ जातो आणि कधी कधी ऑर्डरही अडकून पडते. मराठी माध्यमात शिकूनही हे काम मला आत्मविश्वासाने करता येते, याचे सारे श्रेय मी आपल्या शाळेतील इंग्रजीच्या तासाला देते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलने, सहली आणि क्रीडास्पर्धा यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी मात्र इंग्रजी लेखनाचा पाया येथे कसा घातला गेला, एवढ्याच विषयावर लिहिणार आहे.

आमच्या वेळी मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून इंग्रजी हे धोरण राज्यात २००० साली आले. साहजिकच आठवीत येईपर्यंत आमच्याजवळ शब्द थोडे आणि धास्ती फार अशी स्थिती होती. आठवीला ज्या बाई आम्हाला इंग्रजी शिकवायला आल्या, त्यांनी पहिले काही आठवडे इंग्रजीच्या पुस्तकाला हातच लावला नाही. त्या फळ्यावर मराठी वाक्य लिहीत आणि विचारत, ‘कर्ता कोण? क्रियापद कोणते?’ कर्त्याखाली एक रेघ आणि क्रियापदाखाली दोन रेघा ओढायच्या, हा त्यांचा शिरस्ता होता. पुढे आमच्या इंग्रजी निबंधांच्या वह्यांतही तोच शिरस्ता चालू राहिला. वही तपासायला देण्यापूर्वी प्रत्येक वाक्यात या रेघा आपण स्वतः ओढायच्या, आणि ज्या वाक्यात त्या ओढता येणार नाहीत ते वाक्य पुन्हा लिहायचे, असा नियम होता.

या पद्धतीमागचे कारण तेव्हा आम्हाला उमगले नव्हते, आज ते स्पष्ट दिसते. मराठीत कर्ता अनेकदा बोलून दाखवावा लागत नाही. ‘काल रंकाळ्यावर गेलो होतो’ हे वाक्य पूर्ण आहे, कारण क्रियापदच कर्त्याचा पुरुष सांगते. इंग्रजीत आज्ञार्थ सोडला तर कर्त्यावाचून वाक्य उभे राहत नाही. ‘इज रेनिंग’ असे लिहून चालत नाही. पाऊस पडतो आहे हे सांगायलाही ‘इट’ हा कर्ता पुढे उभा करावा लागतो. याहून अवघड प्रकार म्हणजे ‘मला ताप आला आहे’, ‘त्याला इंग्रजी येते’, ‘तिला दोन भाऊ आहेत’ यांसारखी वाक्ये. यांत ज्याच्याविषयी बोलायचे तो माणूस ‘ला’ प्रत्यय घेऊन बसलेला असतो आणि क्रियापद ताप, इंग्रजी किंवा भाऊ यांच्याप्रमाणे चालते. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होतो: ‘आय हॅव अ फीवर’, ‘ही नोज इंग्लिश’, ‘शी हॅज टू ब्रदर्स’. बाईंनी अशा वाक्यांची लांबलचक यादीच आमच्याकडून करून घेतली होती. एकदा ही अदलाबदल अंगवळणी पडली की ‘टू हिम इंग्लिश इज कमिंग’ यांसारखी वाक्ये आपोआप थांबतात.

क्रियापदाचेही तसेच आहे. ‘सीतेने पत्र लिहिले’ आणि ‘सीतेने चिठ्ठी लिहिली’ या कर्मणी प्रयोगात मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. भावे प्रयोगात ते कोणाचेच ऐकत नाही. इंग्रजी क्रियापद मात्र नेहमी कर्त्याचेच ऐकते, आणि तो कर्ता वाक्यात कितीही मागे राहिला असला तरी ऐकते. ‘द क्वालिटी ऑफ द कास्टिंग्ज आर गुड’ हे वाक्य आमच्या कार्यालयात आजही नव्याने रुजू झालेले अभियंते लिहितात, कारण क्रियापदाशेजारी ‘कास्टिंग्ज’ हा अनेकवचनी शब्द दिसतो. कर्ता ‘क्वालिटी’ आहे, म्हणून ‘इज’ हवे. एक रेघ आणि दोन रेघा ओढल्या की हे लगेच ध्यानात येते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध केले, तेव्हापासून शाळेत शिकवले जाणारे हे प्रयोग आणि विभक्ती मुलांना कंटाळवाणे वाटतात. परंतु इंग्रजी शुद्ध लिहू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याजवळ त्याहून उपयुक्त साधन नाही, असे माझे ठाम मत आहे. मराठीचे व्याकरण पक्के असलेला विद्यार्थी इंग्रजीत मागे पडतो, हा समज मला कधीच पटलेला नाही.

आपल्या भाषेत जोडीने येणारे शब्द ही आणखी एक जागा. ‘जरी पाऊस पडत होता तरी आम्ही शाळेत गेलो’ यात ‘जरी’ला ‘तरी’ लागतेच, म्हणून विद्यार्थी ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल’ असे लिहितो. इंग्रजीत या जोडीपैकी एकच शब्द ठेवायचा असतो. ‘जो मुलगा काल आला, तो माझा मावसभाऊ’ यावरून ‘द बॉय हू केम यस्टर्डे, ही इज माय कझिन’ असे वाक्य होते. त्यातील ‘ही’ काढून टाकावा लागतो. ‘तो कुठे आहे’ हे शब्द मराठीत प्रश्न म्हणून आले काय किंवा ‘मला माहीत नाही’ याच्यापुढे आले काय, त्यांचा क्रम तोच राहतो. इंग्रजीत ‘व्हेअर इज ही’ हा प्रश्न मोठ्या वाक्यात शिरला की ‘आय डू नॉट नो व्हेअर ही इज’ असा क्रम पालटतो. आणि ‘मी त्याला काल भेटलो आहे’ असे आपण सहज म्हणतो, पण ‘यस्टर्डे’ असा ठरावीक गेलेला काळ सांगितला की इंग्रजीत ‘हॅव मेट’ चालत नाही, साधा भूतकाळ ‘मेट’च लागतो. बाई अशी प्रत्येक जागा दाखवताना दोन्ही भाषांतील वाक्ये एकाखाली एक लिहीत. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये असा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. आमच्या बाईंनी तो धरला नाही, आणि त्यामुळेच चूक कोठून येते हे आम्हाला कळले.

उपपदे हा तर मराठी विद्यार्थ्याच्या कायम मागे लागणारा विषय, कारण आपल्या भाषेत ती नाहीतच. एखादी वस्तू वाचकासमोर प्रथम येते तेव्हा ‘अ’ किंवा ‘ॲन’, आणि ती कोणती हे वाचकाला कळल्यावर ‘द’, हा ढोबळ नियम बाईंनी सांगितला. गावाच्या नावाला ‘द’ लागत नाही पण नदीच्या नावाला लागतो, म्हणून ‘कोल्हापूर’ तसेच राहते आणि पंचगंगा मात्र ‘द पंचगंगा’ होते, हेही त्यांनीच सांगितले. ‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्या निवडीसाठी त्यांनी शिकवलेली युक्ती मी आजवर कोठल्याही पुस्तकात पाहिलेली नाही. शब्द देवनागरीत लिहून पाहा, असे त्या सांगत. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘युनिव्हर्सिटी’ इंग्रजी लिपीत स्वराने सुरू होते, पण देवनागरीत ‘य’ने, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’ हा तासाचा शब्द इंग्रजी लिपीत व्यंजनाने सुरू होतो, पण देवनागरीत ‘अ’ने, म्हणून ‘ॲन अवर’. ‘वन रुपी कॉइन’च्या आधी ‘अ’ आणि ‘एमबीए’च्या आधी ‘ॲन’ का, हेही त्याच कसोटीने सुटते. खरा नियम उच्चाराचा आहे आणि आपली लिपी उच्चार जसाच्या तसा दाखवते, याचा हा नेमका उपयोग होता.

मोठी अक्षरे आणि स्पेलिंग यांवर बाईंनी फार वेळ घालवला नाही; वाराचे, महिन्याचे, गावाचे आणि माणसाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करायचे, ‘आय’ नेहमी मोठा लिहायचा, आणि शंका आली की शब्दकोश उघडून अर्थाबरोबर तेथे दिलेले वाक्यही वाचायचे, एवढेच. पूर्णविरामाबाबत मात्र त्या अतिशय कडक होत्या. मराठीत विरामचिन्हांची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने रुजली आणि तिच्याशी मेजर थॉमस कँडी यांचे नाव जोडले जाते, हे त्यांनी आम्हाला मुद्दाम सांगितले होते. स्वल्पविराम टाकून वाक्यामागून वाक्य जोडत जाण्याची आमची सवय मोडण्यासाठी त्यांनी एक नमुना फळ्यावर लिहिला होता. निबंधाचा विषय होता ‘आपले गाव’, आणि वाक्य साधारण असे होते: ‘माय टाउन कोल्हापूर इज अ व्हेरी ब्यूटिफुल अँड हिस्टॉरिकल अँड वर्ल्ड फेमस सिटी, इट इज सिच्युएटेड ऑन द बँक्स ऑफ रिव्हर पंचगंगा, मेनी पीपल्स आर कमिंग हियर.’

या एका वाक्यावर आख्खा तास गेला. प्रथम त्यात कर्ता-क्रियापदाच्या किती जोड्या आहेत ते शोधले. तीन निघाल्या, म्हणजे ही तीन वाक्ये आहेत आणि त्यांना तीन पूर्णविराम हवेत, अथवा जोडायला नीट अव्यय हवे. ‘पीपल’ या अर्थाने मुळातच अनेकवचनी आहे, त्याला पुन्हा ‘स’ नको. लोक वर्षानुवर्षे येतात, या घडीला येत नाहीत, म्हणून ‘आर कमिंग’ऐवजी ‘कम’. मग बाईंनी विचारले की ‘ब्यूटिफुल’, ‘हिस्टॉरिकल’ आणि ‘वर्ल्ड फेमस’ या शब्दांनी कोल्हापूर न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? ती तिन्ही विशेषणे आम्हीच खोडली. शेवटी फळ्यावर राहिले ते असे: ‘कोल्हापूर स्टँड्स ऑन द पंचगंगा. थाउजंड्स ऑफ पीपल कम हियर एव्हरी इयर टू व्हिजिट द टेंपल ऑफ अंबाबाई.’ शब्द कमी झाले होते आणि गाव दिसू लागले होते.

आखूड वाक्ये म्हणजेच चांगले इंग्रजी, असे मात्र त्या मानत नसत. त्यासाठी त्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण देत. गोखले यांचे शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथे झाले. पुढे १८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. १९०२ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केले आणि रयत हलाखीत असताना सरकारी तिजोरीत शिल्लक वाढते आहे, हे आकडेवारीनिशी मांडले. दहावीच्या वर्गात बाईंनी त्यातील एक उतारा आमच्यापुढे ठेवला. वाक्ये चांगली लांब होती, तरी प्रत्येकात कर्ता आणि क्रियापद चटकन सापडत होते, आणि एका वाक्यात एकच मुद्दा होता. आपल्याच भागात शिकलेल्या माणसाने असे इंग्रजी लिहिले-बोलले, या गोष्टीचा आम्हा मुलामुलींवर किती परिणाम झाला असेल, याची कल्पना आजच्या पिढीला कदाचित येणार नाही. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचावा आणि त्यातील कोणत्याही एका परिच्छेदात रेघा ओढण्याचा सराव वहीत करावा, असेही त्यांनी सुचवले होते.

या शिकवणुकीचा उपयोग मला रोज होतो. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी) निघाल्याची तक्रार आली की कच्चे उत्तर बहुधा असे तयार होते: ‘विथ रेफरन्स टू युअर मेल, वी आर हियरबाय इन्फॉर्मिंग यू दॅट द नेसेसरी ॲक्शन हॅज बीन टेकन अँड द सेम विल बी रेक्टिफाइड ॲट द अर्लिएस्ट.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात फारसे बोट ठेवता येणार नाही, पण कोणी काय केले आणि केव्हा होणार, यांपैकी एकही गोष्ट ग्राहकाला कळत नाही. अशा वेळी मी लिहिणाऱ्याला विचारते की दोष कशामुळे आला, आपण काय केले आणि बदली माल केव्हा जाणार? तो मराठीत सांगतो: कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) ओलसर राहिले होते, त्यातून वायू सुटला, आता ओतकामाआधी कोअर वाळवतो, बदली माल सोमवारी जाईल. तेच लिहायचे: ‘द कोअर्स वेअर डॅम्प, अँड द गॅस फ्रॉम देम कॉझ्ड द ब्लोहोल्स. वी नाऊ ड्राय द कोअर्स बिफोर पोअरिंग. वी विल शिप द रिप्लेसमेंट्स ऑन मंडे.’ कर्मणी रचना सरसकट वाईट असते असे नाही. ‘ऑल पार्ट्स वेअर इन्स्पेक्टेड बिफोर डिस्पॅच’ या वाक्यात तपासणारा कोण याला महत्त्व नसल्याने ती योग्यच ठरते. जबाबदारी कोणाची हे सांगायचे असते तेथे मात्र कर्ता लपवू नये.

शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला, त्या कोल्हापुरातील मराठी शाळांतून आजही बहुतांश अशीच मुले येतात, ज्यांच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नसते. त्यांना इंग्रजी लिहिण्याचा सराव मिळण्याची जागा शाळा हीच आहे, आणि तयार निबंध पाठ करून तो मिळत नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आठवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीसाठी आठवड्यातून एक तास केवळ परिच्छेद लेखनासाठी ठेवावा, अशी माझी शाळेला विनंती आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतर या कामासाठी येण्याची माझी आणि माझ्या काही वर्गमैत्रिणींची तयारी आहे. कार्यालयात येणाऱ्या पत्रांचे नमुने, नावे काढून, मी बरोबर आणीन. विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेला एक परिच्छेद आणि पेन्सिल घेऊन यावे, विषय कोणताही चालेल.