वू लेइ परत आला, त्यात बिघडले काय?

शांघायमधल्या आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत परवा फुटबॉलचा विषय निघाला आणि चिनी आघाडीपटू वू लेइचे नाव येताच एका चिनी सहकाऱ्याने नाक मुरडले. "युरोपात टिकला नाही, म्हणून घरी येऊन गोल मारत बसला," असे तो म्हणाला आणि बाकीचे हसले. शांघायमध्ये राहून, शांघायच्याच संघाला तीस वर्षांचे झाल्यावर पुन्हा खांद्यावर घेणाऱ्या माणसाबद्दल शांघायच्याच माणसांनी असे बोलावे, हे मला इतके लागले की दुपारभर कामात लक्ष लागेना. आपल्याकडे गल्लीतला मुलगा राज्याच्या संघातून खेळला तरी चौकात फलक लागतो. इथे चीनच्या सर्वात यशस्वी फुटबॉलपटूंपैकी एक माणूस थट्टेचा विषय होतो.

वू लेइ मूळचा नानजिंगचा, जन्म १९ नोव्हेंबर १९९१ चा. पण तो घडला तो शांघायच्या उत्तरेला यांगत्से नदीच्या मुखाशी असलेल्या छोंगमिंग बेटावर. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक राहिलेल्या आणि १९९५ मध्ये शांघायच्याच शेनहुआ संघाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या शू गेनबाओ यांनी २००० साली, निवृत्तीचे वेध लागावेत अशा वयात, कर्ज काढून तिथे मुलांचे प्रशिक्षण केंद्र उभारले. आज बेटाला जोडणारा बोगदा आणि पूल आहे, त्यामुळे गाडीने सहज जाता येते. पण तो २००९ मध्ये झाला. त्याआधी बोटीशिवाय मार्ग नव्हता आणि तिथे राहणारी दहा-बारा वर्षांची मुले घरापासून खऱ्या अर्थाने तुटलेली असत. त्याच मुलांतून गोलरक्षक यान जुनलिंग आला, बचावपटू झांग लिनपेंग आला आणि शू गेनबाओ ज्याला चीनचा मॅराडोना म्हणत तो वू लेइही आला. २००६ च्या सप्टेंबरमध्ये तो तिसऱ्या श्रेणीतल्या सामन्यात उतरला तेव्हा त्याचे वय होते १४ वर्षे २८७ दिवस. चीनच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये इतक्या लहान वयात त्याआधी कोणी खेळलेले नव्हते.

पुढची बारा वर्षे तो त्याच संघात राहिला, ही गोष्ट मला त्याच्या गोलांपेक्षा मोठी वाटते. शांघाय ईस्ट एशिया नावाचा, पुढे शांघाय पोर्ट झालेला हा संघ तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत गेला, २०१२ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून सुपर लीगमध्ये, म्हणजे चीनच्या पहिल्या श्रेणीत, आला, २०१४ च्या अखेरीस बंदर चालवणाऱ्या सरकारी कंपनीने तो विकत घेतला आणि मग ब्राझीलचे हल्क आणि ऑस्कर असे महागडे खेळाडू आले. पैशाचा असा पूर आला की देशी खेळाडू सहसा बाकावर जाऊन बसतात. वू लेइने मात्र २०१८ च्या हंगामात २७ गोल करून सगळ्या परदेशी खेळाडूंना मागे टाकले आणि संघाने लीग जिंकून ग्वांगझौ एव्हरग्रांद संघाची सलग सात विजेतेपदांची मालिका तोडली.

मग २०१९ च्या जानेवारीत तो बार्सिलोना शहरातल्या एस्पान्योल संघाकडे गेला. किंमत होती सुमारे २० लाख युरो. एस्पान्योलचा मालक चिनी होता, त्यामुळे जर्सी खपवण्यासाठी त्याला नेले असे तेव्हाही बोलले गेले, आणि चिनी इंटरनेटवर त्याला अर्ध्या कौतुकाने आणि अर्ध्या टिंगलीने 'अख्ख्या गावाची आशा' म्हणू लागले. २ मार्च २०१९ रोजी व्हायादोलिदविरुद्ध त्याने गोल केला; स्पेनच्या पहिल्या श्रेणीत गोल करणारा तो पहिला चिनी खेळाडू ठरला. ४ जानेवारी २०२० रोजी बार्सिलोनाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून ८८ व्या मिनिटाला त्याने बरोबरीचा गोल केला तेव्हा एस्पान्योल गुणतालिकेत तळाशी होता. त्या वर्षी मार्चमध्ये त्याला कोरोना झाला आणि जुलैमध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, तोही बार्सिलोनाच्याच मैदानावर हरून. मोठे नाव असलेले खेळाडू अशा वेळी दुसरी वाट धरतात. हा तिथेच राहिला, दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि २०२१ मध्ये संघाबरोबर पुन्हा वर आला. त्यानंतरच्या हंगामात मात्र त्याला फारसे खेळवले गेले नाही, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो शांघायला परतला.

पैशासाठी आला, हा दुसरा आरोप. तो करणाऱ्यांना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरता येते, ती अशी की २०२१ च्या हंगामापासून चिनी फुटबॉल महासंघाने देशी खेळाडूंच्या वार्षिक पगारावर ५० लाख युआनची, म्हणजे आपल्या सहा कोटी रुपयांच्या आसपासची, मर्यादा घातली. ही काही गरिबी नव्हे, हे कबूल. पण सोन्याच्या खाणीचे दिवस तोपर्यंत सरले होते. त्याच्या जन्मगावचा जिआंगसू संघ २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुपर लीगचा विजेता झाला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत बंद पडला. ज्या बंदर कंपनीने त्याचा संघ घेतला तिचे तेव्हाचे प्रमुख छेन शूयुआन पुढे महासंघाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ च्या मार्चमध्ये लाचखोरीबद्दल त्यांना जन्मठेप झाली. इंग्लंडच्या एव्हर्टन संघाकडून खेळलेले आणि राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक राहिलेले ली तिए यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये २० वर्षांची शिक्षा सुनावली गेली. अशा घरात परत येणाऱ्याला लोभी म्हणायचे असेल, तर लोभाची व्याख्याच बदलावी लागेल.

परतल्यावर त्याने काय केले, हे मी स्वतः पाहिले आहे. पुदोंगचे फुटबॉल मैदान चौदा क्रमांकाच्या मेट्रोवर आहे. तिकिटासाठी पारपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि दारावर ते पारपत्र चेहऱ्याशी ताडून पाहतात, त्याचा मला दरवेळी राग येतो. पण आत धावपट्टी नसल्यामुळे खेळाडू हाकेच्या अंतरावर दिसतात. वू लेइ उंचीने बेताचा, चेंडू फार वेळ पायात ठेवणारा नव्हे. तो शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो आणि अर्धा वेळ खेळात नसल्यासारखाच वाटतो. मधल्या फळीत ऑस्करने मान वर केली की त्याच क्षणी हा तिरका धावत सुटे, आणि बचावपटू पंचाकडे हात वर करून ऑफसाइड मागेपर्यंत चेंडू जाळ्यात असे. २०२४ च्या हंगामात त्याने असे ३४ गोल केले. सुपर लीगच्या इतिहासात एका हंगामात इतके गोल तोवर कोणीच केले नव्हते. शांघाय पोर्टने शेनहुआला एका गुणाने मागे टाकून लीग जिंकली आणि त्यावर चिनी महासंघाचा चषकही जिंकला.

राष्ट्रीय संघातली त्याची कामगिरी डागाळलेली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ च्या जानेवारीत आशियाई चषकात लेबनॉनविरुद्ध जवळपास रिकाम्या गोलसमोरची संधी त्याने घालवली आणि त्या स्पर्धेत चीनला एकही गोल करता आला नाही. तिथे टीका रास्तच होती. पण ती टीका करताना भारताचे नाव घेऊन "तुम्हाला तर तेही जमत नाही" असे कोणी म्हणाले की माझ्यातली कोल्हापूरकर जागी होते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुचौला भारताने चीनला ०-० असे रोखले तेव्हा मी तिथे होते आणि आम्ही मूठभर भारतीयांनी सामना जिंकल्यासारखा जल्लोष केला होता. तीन महिन्यांनी आशियाई चषकात चीन उपांत्यपूर्व फेरीत गेला, वू लेइने फिलिपाइन्सविरुद्ध दोन गोल केले, आणि आपण गटातच बाद झालो. तो भाग मी इथल्या जेवणाच्या टेबलावर सहसा काढत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांना जी गर्दी होते ती इथल्या सहकाऱ्यांना भ्रमणध्वनीवर दाखवली की ते चकित होतात, एवढे समाधान मला पुरते.

आमच्या नात्यातला एक मुलगा जर्मनीतून पुण्याला परतला तेव्हा लग्नकार्यात सगळ्यांनी एकमेकांच्या कानात हेच विचारले, की काढून टाकले की काय. परदेशी जाणाऱ्याला हार घालायचा आणि परतणाऱ्याची चौकशी लावायची, ही रीत नानजिंग-शांघायची तशीच आपलीही. मी अजून परतलेले नाही, आणि ते या चौकशीच्या भीतीने नव्हे. इथले काम मला आवडते, मुलीची शाळा चांगली आहे आणि आईला दरवर्षी भेटून येता येते. पण बाकावर बसून युरोपचा पत्ता सांभाळण्यापेक्षा ज्या संघाने घडवले त्यासाठी गोल करावेत, असे एखाद्याला तिशीत वाटले तर त्यात अपयश कुठे आले, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

२०२५ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो बराच काळ मैदानाबाहेर राहिला. ५ जून रोजी जकार्तात इंडोनेशियाकडून ०-१ असा हरून चीन २०२६ च्या विश्वचषकाच्या शर्यतीतून बाद झाला, त्या संघात वू लेइ नव्हता. खापर फोडायला लोकांना या वेळी दुसरे डोके शोधावे लागले.