न ऐकू आलेला 'ट'

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला लागले, तेव्हा आपल्याला इंग्रजी येतं अशी माझी खात्री होती. सांगलीला कॉलेजचे सगळे पेपर इंग्रजीतूनच दिले होते. दुसऱ्याच आठवड्यात एका आजींचा फोन आला. त्या मंगळवारी येऊ शकतात असं मी ऐकलं आणि दहाची वेळ लिहून टाकली. मंगळवारी खुर्ची रिकामी. 'जमणार नाही' असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं.

शाळेत आम्ही 'कान्ट' शिकलो. इथे 'कॅन' आणि 'कॅन्ट', आणि तो शेवटचा 'ट' तोंडातून बाहेरच पडत नाही. दवाखान्यात दात साफ करणाऱ्या हायजिनिस्ट बाईंनी जेवणाच्या सुट्टीत समजावलं: 'ट'ची वाट बघू नकोस. येणार असेल तर 'कॅन' इतकं आखडतं की 'आय क्न कम' होतं, जोर सगळा 'कम'वर. येणार नसेल तर 'कॅन' ठसठशीत येतो आणि त्याच्या मागे श्वास क्षणभर अडतो. त्या दिवसापासून मी तो अडलेला श्वास ऐकायला लागले.

मग बाकीचंही उलगडत गेलं. 'गॉट टू'चं 'गॉटा' होतं, पण त्यातला 'ट' म्हणताना जीभ टाळूला नुसती शिवून जाते, आपल्या 'र'सारखी. म्हणून मला 'गारा' ऐकू यायचं. 'हॅव टू'मधला 'व' पुढच्या 'ट'मुळे 'फ' होतो: 'हॅफ्टा'. 'गोइंग टू'चं 'गना' फक्त क्रियापदाआधी. 'आयम गना कॉल यू' म्हणतात, पण बॉस्टनला निघालेला माणूस 'गना बॉस्टन' कधीच म्हणत नाही, तिथे पूर्ण 'गोइंग टू'. याला गचाळ बोलणं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला ते अजिबात पटत नाही. एवढा बारीक नियम पाळणारी भाषा गचाळ कशी?

परवा लेक मराठी शाळेचा गृहपाठ करत होती. वहीत 'तू काय करत आहेस?' लिहिलेलं. म्हणाली, "आई, तू तर असं कधीच म्हणत नाहीस."

खरंच की. मी 'काय करतेयस' म्हणते. 'जायचंय', 'नाहीये' म्हणते. तिने पेन्सिलीने खाली बारीक अक्षरात 'करतेयस' लिहिलं, जरा वेळ बघत बसली.

"आजी फोनवर 'कुठेयस गं' म्हणते, ते पण असंच?"

"असंच."