फुकट राबता, मग पैसे कशाला?

महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला मी आमच्या अग्निशमन दलाच्या लॉटरीची तिकिटं पुढे केली की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही सगळे फुकट राबता ना, मग पैसे कशाला लागतात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा मी खजिनदार. १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात असंच दल काढलं, तेव्हा सभासद आपापल्या चामडी बादल्या घेऊन धावायचे. बादल्यांवर भागत होतं तोवर खजिनदार सुखी असणार.

आता बंबच दहा लाख डॉलरच्या घरात गेलाय. राज्य सरकार २ टक्क्यांनी कर्ज देतं, पण हप्ता आम्हीच फेडायचा. आगीत घालायच्या एका माणसाच्या कोट-पँटला काही हजार डॉलर पडतात आणि बनवल्या तारखेपासून १० वर्षांनी, तीनदाच घातला असला तरी, तो बाद! पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरला १५ वर्षं. म्हणजे वर्षभर गावात एकही आग लागली नाही तरी आमचा खर्च चालूच.

आणि पैसा असून नसल्यासारखा, ही खरी गंमत. परराज्यातल्या विमा कंपन्या इथे आगीचा विमा विकतात, त्या हप्त्यांवर २ टक्के कर असतो. त्यातला वाटा टाउनशिपमार्फत, म्हणजे गावच्या स्थानिक प्रशासनामार्फत, आमच्या मदतनिधीत येतो. त्यातून कोट घ्या, प्रशिक्षण घ्या, जवानांचा विमा उतरवा. पण बंबात डिझेल भरायचं, ठाण्याचं वीजबिल भरायचं तर त्याला हात लावायचा नाही. राज्याचे ऑडिटर येऊन पावतीन् पावती बघतात. एकदा मदतनिधीत भरपूर शिल्लक असताना हीटिंगच्या बिलासाठी मी बिंगोच्या रात्रीची वाट पाहिली आहे.

टाउनशिप थोडं देते. बाकी डिझेल आणि वीज निघते ती बिंगो, चिकन बार्बेक्यू आणि फिश फ्रायमधून. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी इथले ख्रिस्ती लोक मांस टाळून मासे खातात, तेव्हाचा हा फिश फ्राय. उपासाला मासे, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.

मासे तळणारे आणि आग विझवणारे एकच. मागच्या वर्षी ऐन गर्दीत पेजर वाजले. तळणाऱ्यांनी आधी फ्रायर बंद केले, मग ॲप्रन काढून बंबाकडे पळाले. गल्ल्यावर मी आणि दोन आजीबाई उरलो, समोर चाळीसेक माणसांची रांग. एका कंपनीचा अलार्म उगाचच वाजला होता. ते परत येईपर्यंत रांगेतलं कुणीही हललं नाही, पण निम्मे मासे गार झाले होते.

तिकीट पाच डॉलरचं आहे. किती देऊ?