फॉरमॅट मारण्यापासून वहीपर्यंत : आमची वाटचाल

कराडला स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे, असेंबल्ड कॉम्प्युटर, रिपेअरिंग, टोनर रिफिलिंग असं सगळं. 2009 साली सुरू केलं तेव्हा गाळा भाड्याचा होता आणि माणसं दोनच, मी आणि माझा मावसभाऊ. तेव्हा धंदा म्हणजे मुख्य काम एकच, फॉरमॅट मारणे, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकणे. घरातला कॉम्प्युटर स्लो झाला की लोक सीपीयू पिशवीत घालून घेऊन यायचे आणि म्हणायचे "फॉरमॅट मारा आणि सगळं टाकून द्या". सगळं म्हणजे विंडोज, ऑफिस, फोटोचं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, आणि हे सगळं आमच्याकडे एका सीडी पाऊचमध्ये होतं, सगळं क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स न घेता कुलूप तोडून वापरलेलं. गावात सगळेच तसं करत होते, कुणी विचारत नव्हतं आणि आम्हीही विचार केला नव्हता.

2018 च्या पावसाळ्यात एक काका आले, आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या एकूण एक फाईलच्या नावापुढे कसलीतरी विचित्र अक्षरं जोडली गेली होती, फोटो उघडत नव्हते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी, डॉलरमध्ये पैसे भरा म्हणून. मुलीच्या लग्नाचे फोटो, नातवाचं बारसं, दहा वर्षांचं सगळं त्याच एका डिस्कवर आणि बॅकअप कुठेच नाही. मी रात्री दोनपर्यंत बसलो होतो. शोधत शोधत जे सापडलं ते असं की तो व्हायरस एका अ‍ॅक्टिव्हेटरबरोबर (लायसन्स नसलेलं सॉफ्टवेअर चालू करून देणारा प्रोग्राम) आत आला होता आणि तो अ‍ॅक्टिव्हेटर दोन आठवड्यांपूर्वी आमच्याच दुकानात टाकलेला होता. सकाळी काकांना मी ते जसं आहे तसं सांगितलं. ते म्हणाले, "अहो तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय." लग्नाचे काही फोटो फोटोग्राफरकडे मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच.

त्या दिवशी ते पाऊच आम्ही फेकून दिलं. म्हणजे आधी त्यातल्या दोन सीड्या बाहेर काढल्या, कारण त्यात व्हीएलसी (व्हिडिओ बघायचं) आणि सेव्हन-झिप (झिप फाइली उघडायचं) होतं, आणि हे दोन्ही तर कुणाचंही चोरलेलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही ते फुकटचं म्हणून टाकत होतो, पण ते फुकट का आहे हे कधी वाचलं नव्हतं. तेव्हा वाचायला बसलो. व्हीएलसीची सुरुवात 1996 साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांच्या प्रोजेक्टमधून झाली आणि 2001 ला ते जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांना खुलं झालं. जीपीएल म्हणजे काय ते आम्हाला आमच्या धंद्याच्या भाषेत समजलं ते असं, की वापरा, कॉपी करून द्या, पैसे घेऊन दिलंत तरी चालेल, फक्त तुम्हाला जो हक्क मिळाला तोच पुढच्याला द्यायचा आणि सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर, अडवून ठेवायचा नाही. हे वाचून मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही, नऊ वर्षांत पहिल्यांदा मी काउंटरवर बसून उघड बिल करून देऊ शकणार होतो की हे सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याची ही मजुरी. तेव्हाच कळलं की फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. काही सॉफ्टवेअर फुकट असतात पण फक्त घरगुती वापरासाठी, तेच तुम्ही सीएच्या ऑफिसात टाकलं तर ते बेकायदेशीर, आणि हा फरक आजही कित्येक दुकानदारांना माहीत नाही.

सुरुवातीचे सहा महिने वाईट गेले, हे खरं सांगतो. क्रॅक टाकत नाही म्हटल्यावर लोक सरळ पुढच्या गल्लीत जायचे. आणि जे थांबले त्यांना द्यायला आमच्याकडे नीट घडी बसलेली नव्हती. लिबरऑफिस (मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी वापरायचं मुक्त सॉफ्टवेअर) कुठून घ्यायचं? सर्चमध्ये नाव टाकलं की वर जाहिराती, त्यात मोठ्ठं हिरवं डाउनलोडचं बटण, आणि ते दाबलं की सॉफ्टवेअरबरोबर तीन टूलबार आणि एक नकली अँटिव्हायरस. मग ठरवलं की प्रत्येक सॉफ्टवेअरची मूळ साइट एकदाच खात्री करून लिहून ठेवायची, तिथूनच उतरवायचं आणि जिथे चेकसम (फाईल मूळचीच आहे का ते ओळखायचा आकडा) दिलेला असेल तिथे तो ताडून बघायचा. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंटची (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) स्वतःची साइट हॅक होऊन तिथून काही काळ बिघडवलेली आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाईल, लोकांना मिळत होती, म्हणजे मूळ साइट आहे म्हणून डोळे मिटून घ्या असंही नाही. म्हणून चेकसम खरंच बनवणाऱ्यांचाच आहे हे सांगणारी डिजिटल सहीही आम्ही तपासतो, त्याला पाच मिनिटं लागतात, मावसभावाला सुरुवातीला कंटाळा यायचा, आता तो माझ्यापेक्षा कडक आहे.

घरगुती गिऱ्हाइकांना आम्ही लिनक्स मिंट द्यायला लागलो, जुन्या मशीनवर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. लोकांना सगळ्यात आवडतं ते म्हणजे सॉफ्टवेअर मॅनेजर, एकाच ठिकाणी शोधा, एकाच ठिकाणाहून टाका आणि अपडेटही सगळ्याचं एकदमच. विंडोजवरच राहणाऱ्यांना आम्ही विंगेट लावून देतो, त्यानेही बऱ्याचशा सॉफ्टवेअरचं अपडेट एका कमांडमध्ये होतं.

पण टाकून देणं सोपं आहे, सांभाळणं अवघड, हे आम्हाला मलकापूरच्या एका रिटायर्ड गुरुजींनी शिकवलं. गुरुजी गावच्या यात्रेवर आणि जुन्या वाड्यांवर लिहितात. त्यांचे जुने लेख युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी अक्षरं) नसलेल्या फॉन्टमधले, नव्या मशीनवर उघडले की नुसती गिचमिड दिसायची, ते सगळे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून दिले, मुक्ता फॉन्ट टाकला (हा फॉन्टही मुक्त आहे), इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीची अक्षरं चिकटवलेला कीबोर्ड दिला. गुरुजी खूश. आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन, "अहो माझे सगळे शब्द गेले हो!" मला वाटलं फाइली गेल्या. जाऊन बघतो तर फाइली जागच्या जागी होत्या, पण त्यांनी लिबरऑफिसच्या डिक्शनरीत एकेक करून घातलेले शब्द, पडवी, तुळई, सोपा, गावातली आडनावं, ते दिसत नव्हते आणि सगळं पान लाल रेषांनी भरलेलं. झालं होतं असं की पुण्याहून आलेल्या भाच्याने नवीन व्हर्जन पाहिजे म्हणून तेच लिबरऑफिस फ्लॅटपॅकमधून (सॉफ्टवेअर आपल्या वेगळ्या डब्यात टाकायची पद्धत) परत टाकलं होतं. एका मशीनवर दोन लिबरऑफिस, दोघांचं चिन्ह सारखंच, आणि फ्लॅटपॅकवालं आपली सेटिंग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं त्यामुळे त्याला गुरुजींचे शब्द माहीतच नाहीत. जुन्या फोल्डरमधली डिक्शनरीची फाईल नवीन जागी कॉपी केली, जुनं लिबरऑफिस काढून टाकलं, परत उघडलं. पडवीखालची लाल रेष गेली तेव्हा गुरुजी स्क्रीनला हात लावून म्हणाले, "आली बरं का परत."

त्या दिवसापासून आमच्याकडे वही आहे. साधी दोनशे पानी लांब वही, एका गिऱ्हाइकाला एक पान. मशीन कुठली, रॅम किती, कुठलं सॉफ्टवेअर, ते कुठून आलं, मिंटच्या रेपॉझिटरीतून (मिंटच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर साठ्यातून) की फ्लॅटपॅक की थेट साइटवरून, कुठल्या तारखेला, आणि ते कशासाठी लागतं. हा शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. "सगळं टाकून द्या" म्हणणाऱ्याला आता आम्ही विचारतो की नक्की काय काम करता, आणि बहुतेक घरांची उत्तरं पाच-सहा सॉफ्टवेअरमध्ये संपतात, ब्राउझर, ऑफिस, व्हीएलसी, फोटो बघायला काहीतरी, पीडीएफ आणि मुलांसाठी जिकॉम्प्रिस किंवा टक्स पेंट. नियमही ठरलेत, एक सॉफ्टवेअर एकाच ठिकाणाहून, आधी रेपॉझिटरी, तिथलं फारच जुनं असेल तरच फ्लॅटपॅक, कारण ते आपला निम्मा संसार बरोबर घेऊन येतं आणि 120 जीबीच्या एसएसडीवर ती जागा जाणवते. टाइमशिफ्ट प्रत्येक मशीनला लावलेलं असतंच, अपडेटनंतर वायफाय गेलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. पण टाइमशिफ्ट सिस्टिमसाठी आहे, तुमच्या फोटोंसाठी नाही, फोटोंची कॉपी वेगळ्या डिस्कवर पाहिजेच, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो आणि का सांगतो ते वर लिहिलंच आहे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाल्या आणि माळ्यावरचे कॉम्प्युटर खाली आले. त्यात 2 जीबी रॅमची, 32 बिटची, म्हणजे जुन्या प्रोसेसरची मशीनं सुद्धा होती, तेव्हा मिंट 19.3 कामाला आलं, 32 बिटवर चालणारी त्यांची ती शेवटची मुख्य आवृत्ती. त्या वर्षी आमचं नाव झालं.

सगळ्यांना मिंट द्यायचं असा आमचा हट्ट नाही. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांना आम्ही विंडोजवरून हलवत नाही. एक छोटा लेझर प्रिंटर आहे, झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलांपर्यंत सगळ्यांकडे असतो, त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर बसवताना आमचे दोन रविवार गेले आणि तरी तो मधेच प्रिंट सोडायचा. अशा ठिकाणी विंडोज लायसन्सचं घ्या आणि त्यावर लिबरऑफिस वापरा असं स्पष्ट सांगतो, त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि परत गर्दी झाली, कारण चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवाल्या चांगल्या चालणाऱ्या मशीनसुद्धा विंडोज 11 च्या अटीत बसत नाहीत आणि लोकांना वाटतं नवीन घ्यावाच लागणार. त्यांना आम्ही आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून दाखवतो, काहीच न पुसता, घरी नेऊन दोन दिवस बघा म्हणतो, प्रिंटर चालतोय का बघा, बँकेची साइट उघडतेय का बघा. जमलं तर या, नाही जमलं तर पेनड्राइव्ह परत द्या.

दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या चोपडीशेजारी ही वहीसुद्धा पूजेला असते आणि त्याच संध्याकाळी आम्ही ज्याच्या जिवावर वर्षभर मजुरी घेतली अशा एका प्रोजेक्टला देणगी पाठवतो, कोणाला पाठवायची ते मावसभाऊ ठरवतो. मागच्या आठवड्यात तिसरी वही आणली. तिच्या पहिल्या पानावर त्याच काकांचं नाव आहे, नातू आता सातवीत गेलाय, त्याच्यासाठी वेगळं मशीन पाहिजे म्हणाले, आणि बरोबर एक बाहेरची हार्ड डिस्क, बॅकअपला.