नंदवाळच्या वाटेवर

"आईची वारी खंडू द्यायची न्हाई. तू येतोस का?" एवढंच माझा लहानपणचा दोस्त फोनवर बोलला. मी हो म्हणालो आणि त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी. पंढरपूर गाठता येत नाही ती आम्ही कोल्हापूरकर मंडळी नंदवाळला जातो. आमचं प्रतिपंढरपूर ते. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून पालखी निघते, जुना वाशी नाका, पुईखडी, वाशी करत दहा-बारा किलोमीटर. त्याची आई दरवर्षी डोक्यावर तुळस घेऊन चालायची. यंदा वैशाखात ती गेली.

तो इचलकरंजीहून पहिल्या एसटीनं आला. सातवीनंतर लग्नकार्यात दोन-तीनदा भेटलो असू, तेही "बरं हाय न्हवं?" एवढ्यापुरतं. कानशिलावरचे केस पिकलेत. बोटांच्या पेरांवर सुतानं कापल्याच्या बारीक रेघा. आणि बोलणं मोठ्यानं. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेला की कान कमी होतात.

त्याला मागावर कुणी धाडलं, हे मला ठाऊक होतं. मीच.

१९९६ चा गणपती. गल्लीतली वर्गणी गोळा करायचं काम आम्हा दोघांकडं. एका संध्याकाळी तीनशे चाळीस रुपये माझ्या खिशात होते आणि मी तसाच रंकाळ्यावर खेळायला गेलो. खिसा फाटका. घरी आलो तेव्हा फक्त पावतीपुस्तक उरलं होतं. मंडळात विचारलं तर सांगितलं, डब्यात टाकले. त्या रात्री मांडवात राखणीला तो आणि त्याचा धाकटा भाऊ झोपले होते. सकाळी डबा मोजला. त्याच्या वडिलांनी मांडवासमोर, सगळ्या गल्लीदेखत, त्याला पायताणानं मारलं. मी खांबाला धरून उभा होतो. तो एकदाही "मी घेतले न्हाईत" म्हणाला नाही. याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. पंधरा दिवसांत त्याची शाळा सुटली. मामाकडं कांड्या भरायला गेला.

पुईखडीचा चढ लागला. पाऊस भुरभुर, टाळ-मृदंग ऐन रंगात. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणालो, "ते वर्गणीचे पैसे माझ्याकडनं हरवले होते."

"आं?"

पुन्हा म्हणालो. त्यानं कान पुढं केला. "मोठ्यानं बोल की मर्दा!"

मग मी ओरडून सांगितलं. सगळंच. खिसा, रंकाळा, डबा. पुढं चाललेल्या एका मावशींनी वळून पाहिलं आणि तुळस सावरत पुन्हा पुढं बघून चालू लागल्या.

तो काही बोलला नाही. माळावर रिंगण लागलं तेव्हा कडेला उभा राहिला. अश्व धावून गेला तसा माणसांबरोबर आत शिरला, टापेखालचा चिखल चिमटीत उचलला, कपाळाला लावला आणि परत आला.

"मला वाटलं धाकट्यानं घेतले," तो म्हणाला. या वेळी हळू, त्याच्या मानानं फारच हळू. "त्याच आठवड्यात त्याच्याकडं नवी बॅट आलती. म्हटलं, ल्हान हाय, त्येला मार सोसायचा न्हाई. म्हणून गप बसलो."

"मग त्याला कधी विचारलं नाहीस?"

"काय इचारायचं? पर मन उतरलं ते उतरलंच. त्येच्या लग्नात पाव्हण्यासारखा अक्षता टाकून आलो. आई मरेस्तोवर म्हणायची, तुमचं दोघांचं काय बिनसलंय सांगा की रं."

मी माझ्या दोस्ताचा गुन्हेगार आहे, एवढंच मला माहीत होतं. दोन भावांमधली ही भिंत माझ्या हिशोबातच नव्हती. मी माफी मागितली. तो "चल" म्हणाला. मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही.

वाशीपर्यंत आम्ही मुक्यानं चाललो. वाटेत कुणीतरी शाबूची खिचडी हातावर दिली, ती त्यानं निम्मी मला दिली. लहानपणीही निम्मीच द्यायचा.

नंदवाळला दर्शनाची रांग लांबच लांब. आमच्यापुढं पाच-पन्नास माणसं राहिली असताना तो एकदम रांगेतून बाहेर पडला.

"माझा नंबर धर."

"कुठं चाललास?"

"धाकट्याला फोन लावतो."

त्याच्या चपला माझ्या हातात देऊन तो झाडाखाली गेला. एक बोट एका कानात, दुसऱ्या कानाला मोबाईल. रांग पुढं सरकत होती. मागच्या माणसांना मी पुढं जायला सांगत राहिलो.