चवड्यांवर उभा राहिलेला देव

सणाच्या आदल्या दिवशी देव घासायचं काम आमच्या घरी लहानपणापासून माझंच. चिंच लावून बाळकृष्ण घासताना त्याच्या गुडघ्यामागची खोबण आणि लोण्याच्या गोळ्याखालचा तळहात माझ्या बोटांना पाठ झालाय. त्यामुळे नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात काचेमागे 'लार' दिसला, तेव्हा मी आधी त्याच्या सांध्याकोपऱ्यांकडेच बघत राहिले.

लार म्हणजे रोमन घराचा राखणदार देव. उंचीला जेमतेम वीतभर, ब्राँझचा ओतीव. दिसायला कोवळा मुलगा. आखूड झगा, कमरेला करकचून बांधलेलं वस्त्र आणि गिरकी घेतल्यासारखा दोन्ही बाजूंना उडालेला झग्याचा घेर. एका हातात उंच धरलेलं मद्याचं शिंग, दुसऱ्यात पसरट वाटी. आणि टाचा उचललेल्या! देव चवड्यांवर उभा आहे, नाचतोय. मी तिथून हललेच नाही.

पाँपेई या प्राचीन रोमन शहरात वेत्तींच्या घरात असे दोन लार भिंतीवर रंगवलेले आहेत. मधे डोक्यावरून पदर घेतल्यासारखा टोगा ओढलेला यजमानाचा 'जिनियस', म्हणजे त्याचा रक्षक आत्मा, खाली नैवेद्याकडे सरपटणारा नाग. हे देवघर घराच्या दर्शनी भागात नाही, स्वयंपाकघराच्या बाजूला आहे. मला ते फार पटलं. चूल जिथे, देव तिथे.

इसवी सन ७९ मध्ये वेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेनं शहर गाडलं म्हणून काही देव्हारे देवांसकट सापडले. 'लाल भिंतींचं घर' म्हणतात त्या घरातल्या कोनाड्यात लारांबरोबर अपोलो, वैद्यदेव एस्क्युलापियस, व्यापाराचा मर्क्युरी आणि हर्क्युलिस होते. दुसऱ्या घरात वेगळीच मंडळी. कुणाला कोणता देव लागेल हे ते ते घर ठरवायचं. आजारपण बघितलेल्या घरानंच वैद्यदेव आणला असणार, असं मला मनापासून वाटतं.

महिन्याचा पहिला दिवस, मग पाचव्या किंवा सातव्या दिवशीचा 'नोन्स', मग महिन्याच्या मध्यावरचा 'आइड्स', असे ठरलेले दिवस. त्या दिवशी हार, धूप, वाइन. मुलगा वयात आला की गळ्यातला ताईत लारापुढे ठेवायचा. नवी नवरी तीन नाणी घेऊन यायची: एक नवऱ्याला, एक चुलीपाशी घरच्या लारासाठी, एक चौकातल्या लारासाठी. सासरच्या देवाशी तिची ओळख अशी व्हायची.

३९२ साली ख्रिस्ती सम्राट थिओडोसियसनं फर्मान काढून हेही बंद केलं. लारापुढे अग्नी नको, जिनियसला वाइन नको, कोठीच्या देवांना, पेनातेसना, धूप नको. घराच्या आतल्या कोनाड्यापर्यंत पोचलेला तो कायदा वाचताना मला अजूनही वाईट वाटतं.

मी मूळची कोल्हापूरची. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला ब्राँझचा छोटा पोसायडन आमच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. शाळेच्या सहलीत बाई त्याला 'रोमन व्यापाराचा पुरावा' म्हणायच्या, आणि ते खरंच आहे. इटलीहून परतल्यावर पुन्हा बघायला गेले. समुद्राचा देव, समुद्रापासून घाट चढून इतक्या आत आलेला. आकार बघितला तर अगदी मुठीत धरून नेण्याजोगा. या वेळी पाटी वाचायच्या आधी मी हात जोडले.