अंगणाच्या मातीला गट नंबर कुठून आणू?

आमच्या जुळे सोलापुरातल्या अंगणात जास्वंदीवर केवडा पडला होता. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. नळाला रोज पाणी नसताना खुरटलेल्या झाडांवर किती ओतत बसायचं? म्हणून म्हटलं, आधी माती तपासून घेऊ.

माती काढायला काहीच लागत नाही. चार-पाच ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडायची, सावलीत वाळवून अर्धा किलो ठेवायची.

अडलं ते प्रयोगशाळेच्या खिडकीवर. अर्जात पहिलाच रकाना, गट नंबर.

"घरचं अंगण आहे हो, शेत नाही."

"मग सात-बारा?"

"तोही नाही."

"मग कसं ओ ताई? कॉम्प्युटर पुढंच जात नाही की."

सिटी सर्व्हे नंबर दिला, तो चालेना. साहेब जेवायला गेलेले, मग मीटिंगला. शेवटी घरपट्टीची पावती बघून त्यांनी काहीतरी भरलं. पुढचा रकाना, पीक. जास्वंद म्हटलं तर यादीत नाही. ऊस, तूर, डाळिंब, ज्वारी. तो माणूस माझ्याकडं न बघताच म्हणाला, "ज्वारी टाकतो." माझ्या पंधरा बाय पंधरा फुटांच्या अंगणात मालदांडी!

तेव्हा जाम चिडले होते, पण पिकाच्या नावानं तपासणी बदलत नाही, फक्त खताची शिफारस बदलते. ती हेक्टरी किलोत येते. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. माझं अंगण साधारण २० चौरस मीटर, म्हणजे आकड्याला ५०० नं भागायचं. हेक्टरी २५ किलो म्हणजे आपले ५० ग्रॅम. हे तिथं कुणी सांगत नाही.

अहवालही "उद्या या" करत करतच मिळाला. सामू, म्हणजे मातीचा पीएच, आठच्या वर, चुनखडी भरपूर. म्हणजे मातीत लोह असूनही झाडाला मिळत नव्हतं. जमीन आरोग्य पत्रिकेच्या, म्हणजे या सरकारी अहवालाच्या, १२ घटकांत लोह असतं, पण मुक्त चुनखडी नसते. ती वेगळी मागून घ्या, नाहीतर खिडकीवर पुन्हा पहिल्यापासून!

हिराकस, म्हणजे लोह देणारं फेरस सल्फेट, नुसतं मातीत टाकलं तर चुनखडीत अडकतं. मी शेणखतात मुरवून दिलं, वर उसाच्या पाचटाचा जाड थर अंथरला. पाचटानं ओल टिकते, आणि आपल्या जिल्ह्यात त्याला काय तोटा! पिवळी पडलेली जुनी पानं बघून हताश होऊ नका, नवी फूट बघा. माझी हिरवी आली. आता रिकाम्या कोपऱ्यात सीताफळ लावलंय, त्याला असली माती चालते.

शेजारच्या काकू राख घाला म्हणत होत्या. आपल्या मातीत नकोच, सामू आणखी चढतो. आणि हो, नमुना खताच्या रिकाम्या पिशवीतून नेऊ नका, आकडे चुकतात. घरपट्टीची पावती मात्र पहिल्याच दिवशी पर्समध्ये टाका.